इझर्डची पट्टी

२९ जून १८५७, सोमवार

'के' निघालं! आठ वर्षांत पहिल्यांदा. यंदा गावच्या कुरणातली टेकाडाच्या बाजूची पट्टी आमची, कोरडी, गवत कमरेएवढं. किटनं चकती हातात घेऊन असा चेहरा केला की जणू पिशवीत डोळे घालून त्यानंच ती शोधून काढली. चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी चिठ्ठी चांगली निघाली की माझा भाऊ सात वर्षांचा होतो.

संत पीटरच्या दिवशी पाऊस नाही, हेच नवल. चर्चच्या भिंतीपाशी तेवीस घरांनी पिशवीतून एकेका पट्टीचं अक्षर कोरलेल्या तेवीस चकत्या काढल्या आणि मी वहीत तेवीस नावं लिहिली. पिशवीच्या तळाशी उरलं इझर्ड. ते कुणी काढत नाही. हाताला लागलं तरी बाजूला सारतात. त्या चकतीचा कोपरा तुटलाय, त्यामुळे न बघताही कळतं.

मग मॅलीमावशीनं ते वर धरलं आणि विचारलं, "माझ्यापेक्षा जास्त कुणाचं अडलंय का?" तीनदा विचारलं. कुणी बोललं नाही. चकती एप्रनच्या खिशात गेली आणि ओढ्याकाठची ओली पट्टी आणखी एक वर्ष तिच्या गाईची झाली.

पाद्र्यांच्या पत्नी माझ्या शेजारी उभ्या होत्या. दक्षिणेकडच्या आहेत, येऊन जेमतेम वर्ष झालंय. म्हणाल्या, "ते झेड आहे ना?" म्हटलं, "तुमच्याकडे असेल. इथे इझर्ड." त्या हसल्या. मी नाही हसले. आमच्या आजोबांनी ए पासून इझर्डपर्यंत अक्षरं शिकवली आणि तेवढ्यावर आमचं सगळं भागलं.

चर्चच्या दारावर नोटीस लागली आहे. बिअर प्यायच्या नादात कुणी वाचली नाही. मी वाचली.

३० जून

कुरण कायमचं वाटणार! मोजणीसाहेब येणार, प्रत्येक घराला एकच पट्टी कायमची, मध्ये दगडी भिंती. दरवर्षीच्या चिठ्ठ्या बंद. गाव खूष आहे. किट तर 'के' कायमची मिळणार या भ्रमात शीळ घालत फिरतोय.

मॅलीमावशी मोजे विणत विणत दारापाशी आली. "टेमर, मला कागद लागेल का गं?"

"सगळ्यांनाच लागेल, मावशी."

"माझ्याकडे तर चकती आहे नुसती. लाकडाची." तिच्या सुया थांबल्या नाहीत.

१४ जुलै

कापणी. हात सोलले. दुसरं काही सुचत नाही.

२६ जुलै

किट लग्न करतोय. आज जेवताना, ओटच्या भाकरीचा तुकडा ताटलीत फिरवत सांगितलं. एलिनॉर डेंट, वरच्या खोऱ्यातली. मी म्हटलं, "बरं झालं." खरंच बरं झालं. मुलगी कामाची आहे, हसरी आहे.

"ताई, तुला काही फरक पडत नाही हं. तुझी खोली तुझीच."

मी कुठे काही विचारलं होतं?

९ ऑगस्ट

साहेबाला हे सगळं समजावून सांगायचं काम माझ्यावर येणार. कुरणाचा कारभारी कागदावर किट आहे, पण वडील गेल्यापासून पिशवी आणि वही माझ्याच कपाटात. किटचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेलीय.

तर एकदा मांडून बघते. पिशवीत चोवीस अक्षरं आहेत. जे आणि यू नाहीत, जुन्या माणसांना त्यांची गरज वाटली नसावी. घरं तेवीस. चोविसावी पट्टी कुणाच्या घराची नाही. गावात ज्याचं सगळ्यात जास्त अडलंय त्याची ती, आणि तीही दुसऱ्या कुणाचं त्याहून अडेपर्यंत. ज्याच्याकडे ती आहे त्यानं दरवर्षी उभं राहून विचारायचं. कुणी हात वर केला तर चकती तिथल्या तिथे द्यायची, कारण विचारायचं नाही.

मॅलीमावशीच्या आधी म्हातारा रॉबिन अस्क्यू होता. ३८ साली त्यानं विचारलं तेव्हा मॅलीमावशीनं हात वर केला. नवरा खाणीत दगावलेला, पदरात तीन पोरं. मी एकोणीस वर्षांची होते, समोरच उभी. हात वर जाताना तिची मान खाली खाली जात होती. पुढे वर्षभर ती रस्त्यात कुणाशी नजर मिळवत नसे.

आता खरी मेख. वहीत फक्त काढलेल्या चिठ्ठ्या लिहितात. इझर्ड काढत नाहीत म्हणून ते लिहीतही नाहीत. शंभर वर्षांच्या वहीत त्या पट्टीसमोर एकही नाव नाही.

१२ ऑगस्ट

किटच्याही हे लक्षात आलंय. एरवी वहीकडे ढुंकून न बघणारा माणूस आज बोटानं ओळी मोजत होता.

"ताई, इझर्ड कुणाच्याच नावावर नाही."

"ते मॅलीमावशीचं आहे."

"कुठे लिहिलंय?" मग आवाज खाली आणून, "साहेब कारभाऱ्यालाच विचारणार. आपण म्हटलं की ती कारभाऱ्याच्या मेहनतान्याची पट्टी आहे, तर? ओढा वळवला की सोनं आहे तिथे. आता घरात माणसं वाढणार."

"मग मावशीची गाय काय खाईल?"

"तिची मुलगी केंडलला बोलावतेय तिला केव्हाची! गाईपायी अडून बसलीय म्हातारी."

मी वही बंद केली. त्याचं बोट आत होतं. सॉरी म्हटलं नाही.

१३ ऑगस्ट

किट वाईट नाही. ताप आला होता तेव्हा तीन मैल चालत जाऊन माझ्यासाठी संत्रं आणलं होतं त्यानं. हे लिहून ठेवते, कारण आज दिवसभर मला त्याचा राग येतोय.

२३ ऑगस्ट

एक गोष्ट केली आहे. लिहू की नको?

लिहिते. ३८ सालच्या पानावर, तेविसाव्या नावाखाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं — 'इझर्ड, मेरी ब्लँड.' मॅलीमावशीचं कागदावरचं नाव. वडिलांचं अक्षर मला हुबेहूब येतं. शाईत पाणी घातलं, तरी फार काळी दिसतेय. पान उन्हात धरून बसले तासभर. बाकीच्या एकोणीस वर्षांची पानं राहिलीत.

लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

२५ ऑगस्ट

मॅलीमावशीला वही दाखवायला नेली. वाटलं होतं, डोळ्यात पाणी येईल. कसलं काय! तिनं चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला.

"हे तुझ्या बापानं लिहिलेलं नाही."

"मावशी, आता साहेबाला कागदच —"

"ते माझं नाहीये, पोरी. कधीच नव्हतं. माझ्याकडे ठेवलंय फक्त. उद्या कुणाचं माझ्याहून अडलं आणि वहीत माझं नाव असलं, तर तो हात वर करेल का?"

"एकोणीस वर्षांत कुणी केलाय?"

"म्हणून काय झालं?" आणि मग खास मॅलीमावशी, "पुसून टाक. आणि वडिलांचा 'एम' असा पोट सुटलेला नव्हता. चहा घेणार का?"

चहा घेतला. काय करणार!

२६ ऑगस्ट

पुसता येत नाही. ब्रेडच्या तुकड्यानं घासलं, चाकूच्या पात्यानं खरवडलं. कागद फाटायला लागला तेव्हा थांबले. आता ती ओळ आहे तशीच आहे, वर खरवडल्याच्या खुणा. पान फाडलं तर त्या सालच्या तेवीस जणांचा पुरावा जातो. करायला गेले एक!

१७ सप्टेंबर

साहेब आले. हलबर्ट. बारीक, दमेकरी, पायात गावातल्या कुणाहीपेक्षा वाईट बूट. खानावळीच्या माडीवर सुनावणी. उद्या कुरणाच्या पट्ट्यांचा नंबर.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं नीट आठवून लिहिते.

माडीवर अख्खं गाव. साहेबांच्या चष्मेवाल्या कारकुनानं चकत्या टेबलावर ओळीनं लावल्या आणि प्रत्येकीचं नाव घेतलं. शेवटची, मॅलीमावशीनं आणून दिलेली, हातात घेऊन म्हणाला, "झेड." मागून पाच-सहा जण एकदमच ओरडले, "इझर्ड!" त्याला वाटलं, त्याच्यावर कुणी तरी ओरडतंय. साहेबांनी विचारलं, हे आडनाव आहे का? मग हशा. मला वाटलं, चला, आता सोपं जाईल.

मग वही. साहेब एकेक पान उलटत होते. ३८ सालाशी थांबले. चष्मा कपाळावर चढवून नाक कागदाला लावलं.

"ही ओळ कुणी लिहिली?"

किटनं माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो आता काहीतरी बोलून मला वाचवणार आणि त्याचबरोबर पट्टी गिळणार.

"मी लिहिली," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात."

खालच्या स्वयंपाकघरात कुणीतरी कांदा चिरत होतं, ते वर ऐकू आलं.

"का?"

"कारण ते खरं आहे. फक्त लिहायचं राहिलं होतं."

"म्हणजे वहीवर विश्वास ठेवता येणार नाही, मिस रेझबेक," ते म्हणाले. रागानं नाही. तेच जास्त लागलं. तेवीसही घरांची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांचाही पुरावा तोच ना!

मग मॅलीमावशीला बोलावलं. ठेवणीतली काळी बॉनेट टोपी घालून आली होती.

"ही पट्टी तुमची आहे का?"

"नाही, साहेब."

किटनं श्वास सोडला. माझ्या शेजारीच होता, ऐकू आला.

"मग कुणाची?"

"जिचं माझ्याहून अडलंय तिची. किंवा त्याची. मी दरवर्षी विचारते."

"कुठे विचारता?"

"चर्चच्या भिंतीपाशी. सगळ्यांसमोर. तीनदा. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही असं व्हायला नको ना."

"आणि कुणी पुढे आलं नाही?"

"अजून नाही. पण येईल की! माणसाचं काय सांगता येतं."

कारकुनाचा टाक थांबला होता. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही 'माझी आहे' एवढं म्हटलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं." मॅलीमावशी म्हणाली, "माझं नसतं झालं."

मग साहेबांनी किटला विचारलं — कारभारी म्हणून तुमचं काय म्हणणं? किट उभा राहिला. टोपीची कड दोन्ही हातांनी फिरवली. "ती सांगते तसंच आहे," एवढं म्हणाला आणि बसला.

घरी येताना तो दहा पावलं पुढे चालत होता. पूर्ण वाट.

२० सप्टेंबर

चर्चमध्ये आमच्या बाकावर फक्त आम्ही दोघं, बाकीचे मागे जाऊन बसले.

४ ऑक्टोबर

पिशवी आणि वही बार्नाबी टॉडच्या घरी गेली. गावानं ठरवलं. बार्नाबी न्यायला आला तेव्हा बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता. "तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही गं गावात," म्हणाला. म्हटलं, तेच तर नडलं!

२२ नोव्हेंबर

निकाल लागला! चर्चच्या दारावर मोठा कागद. आम्हाला 'डी', ना चांगली ना वाईट. आणि शेवटी — नक्कल करून आणली आहे — 'झेड पट्टी, जीस येथील लोक इझर्ड म्हणतात, मेरी ब्लँड, विधवा, हिच्या नावे कायम.' कारणही दिलं आहे. एकोणीस वर्षं भर गावात मोठ्यानं विचारूनही जिचा ताबा कुणी नाकारला नाही, तिच्याइतका पक्का हक्क या कुरणात दुसऱ्या कुणाचाच नाही.

म्हणजे माझी ओळ नसती तरी चाललं असतं. नसतीच तर बरं झालं असतं.

धावत गेले मावशीकडे. ती म्हणाली, "कायम म्हणजे किती?" मी म्हटलं, कायम. ती म्हणाली, "अरे देवा."

९ जानेवारी १८५८

लग्न झालं. रम घातलेलं लोणी उत्तम झालं होतं, मीच केलं. एलिनॉरनं निळा ड्रेस घातला होता. सगळ्यांशी गोड बोलली, माझ्याशी जरा जास्तच गोड.

२१ जानेवारी

आज चहाची किटली एलिनॉरनं उचलली. मी हात पुढे केला होता, पण ती जवळ होती. वीस वर्षं या घरात चहा मी ओतते. तिनं छान ओतला. एक थेंब सांडला नाही.

७ फेब्रुवारी

मावशीची गाय गेली. चेरी. सोळा वर्षांची होती. सकाळी गोठ्यात बसली ती उठली नाही. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, मी गेले तेव्हा. रडत नव्हती. "अर्धा हिवाळा तर काढला हिनं," म्हणाली. दुसरी गाय घेणं तिला झेपायचं नाही. मुलगी पुन्हा बोलावतेय. एलिनॉर म्हणाली, बरं आहे, आता ती गवत विकेल.

२ मार्च

बर्फ. मोजे तीन जोड झाले.

१८ मार्च

एलिनॉरला दिवस गेलेत. किट शीळ घालतोय. मी पाळणा माळ्यावरून काढला, घासला. त्यात किट झोपला होता, त्याच्या आधी मी. छान दिसतोय.

५ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

किटनं बोलायला सुरुवात केली आणि मला लगेच कळलं. तो महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी चुलीतल्या पीटच्या, जळाऊ मातीच्या, विटा उगाच हलवतो.

"ताई, बाळ आलं की एलिनॉरची आई राहायला येईल. काही महिने. मग कदाचित कायमचीच."

"माझी खोली."

"तुला केंडलला कुणाकडेही घर सांभाळायचं काम मिळेल. तुझ्यासारखी कोण आहे? आणि सुनावणीनंतर... गावातही..."

"आणि पिपिन?"

पिपिन माझी कालवड. आईनं जाताना मला गाय दिली होती, त्या गाईची ही नात. यंदा विणार.

"पिपिन इथलं गवत खाते ना, ताई? इथेच राहील. कुणाच्या अंगणात बांधणार तू तिला?"

तो वाईट नाही. घर त्याचं आहे, पट्टी त्याची आहे, बाळ त्याचं आहे. कुणीच काही चुकीचं करत नाहीये आणि तरी मला राहायला जागा नाही.

११ एप्रिल

गिरणीजवळचं दोन खोल्यांचं घर रिकामं आहे. बाहेरून बघून आले. छप्पर ठीक. मागे गोठा आहे, एकाच जनावरापुरता. गिरणीवाला म्हणाला, लोणी आणि मोजे यांच्यावर भागत असेल तर ये की. लोणी! त्याला दूध लागतं, दुधाला गाय, गाईला हिवाळाभर गवत. गवताशी येऊन सगळं अडतं.

घरी येऊन बटाटे सोलले.

३० एप्रिल

मावशीनं विचारलं, "तू बारीक का झालीस?" म्हटलं, "उन्हाळा आला ना." तिनं चष्मा लावून बघितलं.

तिला सांगायला जीभ रेटत नाही. सांगितलं तर ती पट्टी माझ्यासमोर ठेवेल आणि मी घेईन. मग गाव म्हणेल, म्हणूनच हिनं वहीत खाडाखोड केली होती! आणि मला त्यावर काही बोलता येणार नाही.

१६ मे

केंडलहून पत्र. विधुर, चार मुलं, कापडाचं दुकान. 'जुलैच्या पहिल्या आठवड्यात यावे. जनावरांची सोय नाही.' किटला वाचून दाखवलं. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी उत्तर लिहून ठेवलं आहे, टाकलं नाही.

६ जून

कुरणात भिंती उभ्या राहतायत. गुडघ्याएवढ्या झाल्या. पिपिन व्याली. मादी!

२० जून

पत्र आज टाकायचंच, असं ठरवून निघाले. पोस्टापर्यंत गेले. बंद होतं. रविवार आहे हे मला माहीत नव्हतं का?

२८ जून

उद्या पीटरचा दिवस. चिठ्ठ्या नाहीत, पिशवी नाही, पण सवयीनं सगळे भिंतीपाशी जमणार, बिअर पिणार. एलिनॉर म्हणाली, "तुमची शेवटचीच वेळ ना, ताई, चला की." किटनं तिच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. पत्र परवा नक्की.

२९ जून १८५८, मंगळवार

सगळे होते. किट माझ्या डावीकडे, एलिनॉर त्याच्या पलीकडे. मॅलीमावशी गर्दीतून पुढे आली आणि रिकामा हात वर धरून तोच प्रश्न विचारायला लागली, तेव्हा बार्नाबी हसत ओरडला, "मावशी, आता कागदावर तुझंच आहे की ते!" ती म्हणाली, "कागद साहेबाचा. विचारणं माझं." दुसऱ्यांदा विचारताना ती कुणाकडेच बघत नव्हती. माझ्याकडेही नाही.

तिसऱ्यांदा विचारलं. मी हात वर केला.